जॉय बॅचलर प्रदर्शन: कामाच्या नोंदी

९ मार्च

ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सहज विचारलं, हॅलास हे नाव कुणाकुणाला माहीत आहे? पंधरातले अकरा हात वर. साहजिक आहे. हॅरॉल्ड व्हिटेकर आणि जॉन हॅलास यांचं ॲनिमेशनमधल्या टायमिंगवरचं १९८१चं पुस्तक आमच्याकडे पोथीसारखं वापरतात, म्हणजे सगळ्यांकडे असतं आणि सगळ्यांचं अर्धवट वाचून झालेलं असतं. मग विचारलं, आणि बॅचलर? एक हात वर झाला. "मॅडम, डिग्री ना?"

सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं की ब्रिटिश ॲनिमेटर जॉय बॅचलर हिच्याबद्दल सलग पाच मिनिटं मलाही बोलता येणार नाही. १९८०च्या दशकात मी मुंबईत जाहिरातपटांच्या एका स्टुडिओत ट्रेस-पेंटला होते, म्हणजे दुसऱ्यांची चित्रं गिरवायची आणि रंगवायची. 'हॅलास अँड बॅचलर' या लंडनच्या स्टुडिओचं नाव तिथे एका दमात घेतलं जायचं, एखाद्या पेढीच्या पाटीसारखं. त्यातलं दुसरं नाव बाईचं आहे हे मला फार उशिरा कळलं.

विभागप्रमुखांशी बोलले. खालच्या मजल्यावरचा कॉरिडॉर मिळेल, बारा फलक, शिवाय एका संध्याकाळी चित्रपटांचा तासभराचा खेळ. चार विद्यार्थी मदतीला. मी म्हटलं, १२ मेला लावू, तिचा जन्मदिवस आहे. प्रमुख म्हणाले, "बाई, मे महिन्यात इथे मांजरसुद्धा फिरकत नाही." जुलै ठरला.

१५ मार्च

पहिला फलक, चरित्राचा. तोंडओळखीपुरता मजकूर लिहिला.

जन्म १२ मे १९१४, लंडनजवळचं वॉटफर्ड. तिथल्याच कलाशाळेत शिक्षण. १९३०च्या दशकाच्या मध्यात ॲनिमेशनच्या कामाला लागली, तेव्हा ब्रिटनमध्ये हा धंदा असा नव्हताच. जाहिरातींची थोडी कामं आणि दोन-चार धडपडे लोक, एवढंच. हंगेरीहून आलेल्या यानोश हलास या तरुणाला, म्हणजे पुढच्या जॉन हॅलासला, 'म्युझिक मॅन' या रंगीत लघुपटासाठी माणसं हवी होती. तिथे जॉय गेली. चित्रपट १९३८चा. नंतर दोघं बुडापेस्टला काम करायला गेली, पैसे संपले, परत लंडनला आली आणि चित्रं, पोस्टरं, मासिकांची सजावट यांवर पोट भरू लागली. १९४० साली लग्न आणि त्याच वर्षी स्टुडिओ.

आडनावावर वर्गात चर्चा. लग्न झालं तरी पाटीवर बॅचलरच राहिलं, यावर एकीने "भारीच की" असं मत दिलं. नवऱ्याचं नाव आधी का, असं दुसरीने विचारलं. वर्णक्रमाने लावलं असतं तर बॅचलर पुढे आलं असतं हे तिने फळ्यावर लिहूनच दाखवलं.

१६ मार्च

फलकावर 'पहिली ब्रिटिश स्त्री ॲनिमेटर' असं एका विद्यार्थ्याने मथळ्यात लिहून आणलं. खोडलं. 'पहिली' हा शब्द या विषयात पाय घसरवतो. लोट्टे रायनिगरने बर्लिनजवळ कात्रीने कापलेल्या सावल्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट १९२६ सालीच केला होता, आणि १९४९पासून ती लंडनलाच राहून काम करत होती. शिवाय जॉयच्या आधी कुठल्या कुठल्या स्टुडिओत किती बायका रंग भरत बसल्या असतील त्यांची नावं कोण लिहून ठेवतंय? मी स्वतः त्याच रांगेतली. सात वर्षांत माझं नाव एकाही जाहिरातीत आलं नाही, आणि यावं असं तेव्हा वाटलंही नव्हतं.

नवा मथळा: 'जॉय बॅचलर, १९१४–१९९१'. पुरे.

२३ मार्च

युद्धकाळाचा फलक. यात गंमत आहे ती गिऱ्हाईक बदलण्याची. स्टुडिओची सुरुवात जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेच्या कामाने झाली. 'कार्निव्हल इन द क्लोद्स कपबर्ड' हा कपाटातल्या कपड्यांच्या नाचाचा छोटा चित्रपट लक्स साबणासाठी, तर 'ट्रेन ट्रबल' केलॉग्जच्या न्याहारीसाठी. लगेच युद्धाचा जोर वाढला आणि तेच हात माहिती मंत्रालयाकडे वळले. साबणाऐवजी आता भंगार विकायचं होतं. 'डस्टबिन परेड'मध्ये रिकामा डबा, हाड, टूथपेस्टची नळी असल्या टाकाऊ वस्तू सैन्यात भरती व्हायला निघतात, म्हणजे वितळून दारूगोळा व्हायला. त्याच्या पटकथेत अलेक्झांडर मॅकेंड्रिकचा हात होता, जो पुढे ईलिंग या ब्रिटिश चित्रपट स्टुडिओचा मोठा दिग्दर्शक झाला. 'फिलिंग द गॅप' आणि 'डिगिंग फॉर व्हिक्टरी' परसात भाजी लावायला सांगणारे. मध्यपूर्वेतल्या प्रेक्षकांसाठी अबू नावाचा मुलगा आणि त्याचं गाढव यांची मालिका. युद्धाच्या वर्षांत असे सत्तरच्या आसपास चित्रपट त्या छोट्या चमूने काढले.

माणसं युद्धावर गेल्यामुळे हातात ब्रश घ्यायला बायकाच होत्या. व्हेरा लिनेकार त्याच काळात इथे घडली आणि नंतर स्वतः नावारूपाला आली.

विद्यार्थ्यांना 'डस्टबिन परेड' दाखवला. त्यांना प्रचार वगैरे काही वाटलं नाही, टूथपेस्टच्या नळीची चाल आवडली. "मॅडम, हिला पाय नाहीत, तरी चालतेय." हे बघायला शिकले तर बाकी सगळं येईल.

२ एप्रिल

खेळात काय दाखवायचं? 'युअर व्हेरी गुड हेल्थ' नक्की. १९४८चा, जेमतेम आठ-नऊ मिनिटांचा. त्याला मराठी उपशीर्षकं द्यायची. मूळ इंग्रजी ऐकून लिहून काढायला दोन जणांना बसवलं.

पार्श्वभूमी थोडक्यात, कारण फलकावरही हेच जाईल. युद्ध संपल्यावर मजूर पक्षाच्या सरकारने एकामागून एक मोठे कायदे केले: नवी शहरं, राष्ट्रीय विमा, मोफत आरोग्यसेवा. लोकांना हे समजावून सांगायला केंद्रीय माहिती कार्यालयाने हॅलास-बॅचलरकडून चार्ली या साध्यासुध्या, कुरकुऱ्या माणसाची सात चित्रपटांची मालिका करून घेतली. नव्या शहरांवर एक, कोळशावर एक, शेतीवर एक, अर्थव्यवस्थेवर 'रॉबिन्सन चार्ली' नावाचा एक. अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स या मालिकेत जातीने लक्ष घालत. हो, तेच क्रिप्स. १९४२ साली योजना घेऊन दिल्लीत आले आणि हात हलवत परत गेले, म्हणून शाळेत आपण ज्यांचं नाव पाठ केलं ते. त्यांचा व्यंगचित्रपटांशी संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

६ एप्रिल

उपशीर्षकांचा पहिला खर्डा. वाईट.

अडचण 'यू'ची आहे. चित्रपटात एक निवेदक आणि चार्ली यांचा संवाद चालतो. निवेदक सुशिक्षित, रेडिओच्या आवाजाचा. चार्ली कामगार, सायकलवरून निघालेला, सरकारी गोष्ट म्हटली की आधी संशय घेणारा. इंग्रजीत दोघं एकमेकांना एकच सर्वनाम वापरतात, त्यामुळे कोण कुणाच्या वर आहे हे आवाजावर सोडता येतं. मराठीत पहिल्याच वाक्याला निकाल लावावा लागतो. निवेदकाने 'तुम्ही' म्हटलं की थेट सिनेमाच्या आधी लागणारे फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आठवतात आणि माणूस शेंगदाण्याच्या पुडीकडे वळतो. 'तू' म्हटलं की निवेदक तलाठी होतो.

एका मुलाने 'चार्लीराव' सुचवलं. दहा मिनिटं सगळे खूश होते. मग पुन्हा ऐकल्यावर चार्लीरावांची थट्टा चाललीय असं वाटायला लागलं. मूळ चित्रपटात थट्टा आहे, पण ती निवेदकाचीही आहे, हे त्यातलं मर्म. चार्ली प्रश्न विचारतो, हुज्जत घालतो, निवेदकाला उत्तर द्यावं लागतं. सरकारने आपल्याच खर्चाने आपल्यावर शंका घेणारा नायक पडद्यावर उभा केला. हे लिहिताना कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं असणार की या माणसाला लगेच पटता कामा नये. मालिकेच्या पटकथांत जॉयचा वाटा मोठा होता.

११ एप्रिल

ठरलं. निवेदक 'तुम्ही' म्हणेल. चार्लीही त्याला 'तुम्ही'च म्हणेल, पण वाक्य 'अहो'ने सुरू करेल, बँकेच्या खिडकीशी करतात तसं. बायकोशी बोलताना 'अगं'. एवढ्यानेच तो माणसात आला. 'अहो, पण पैसे कोण देणार?' हे वाक्य पडद्यावर आल्यावर वर्गात आपोआप खसखस पिकली.

तांत्रिक: प्रत्येक ओळीला पस्तीस अक्षरांच्या वर जायचं नाही. निवडलेल्या टंकात चंद्र दिसत नाही, त्यामुळे 'बॅचलर'चं 'बचलर' झालंय. टंक बदलायचा.

१९ एप्रिल

स्टुडिओच्या 'ॲनिमल फार्म' या मोठ्या चित्रपटाला हात घातला. बारापैकी चार फलक याचेच होणार, त्याला इलाज नाही.

जॉर्ज ऑरवेल १९५०च्या जानेवारीत गेला. १९५१ साली अमेरिकन निर्माता लुई डी रोशमाँने त्याच्या कादंबरीचं, म्हणजे माणसाला हाकलून शेत ताब्यात घेणाऱ्या आणि मग डुकरांच्या हुकुमाखाली जाणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टीचं काम हॅलास-बॅचलरला दिलं. १९५४च्या डिसेंबरअखेर न्यूयॉर्कला चित्रपट प्रदर्शित झाला. लांबी ७२ मिनिटं. चित्रगृहात लागलेला पूर्ण लांबीचा पहिला ब्रिटिश ॲनिमेशनपट. ('पहिला' इथे चालेल, पण 'चित्रगृहात लागलेला' हे शब्द गाळायचे नाहीत. नौदलासाठी जहाज हाकण्याच्या प्रशिक्षणाचा 'हँडलिंग शिप्स' याच स्टुडिओने १९४५ साली केला होता आणि तोही लांब होता. फक्त तो खलाशांनी पाहिला.)

निर्मिती आणि दिग्दर्शन दोघांच्या नावावर, पटकथेच्या श्रेयात जॉय इतरांबरोबर. संगीत मात्याश शायबरचं, तोही मूळचा हंगेरीचा. ॲनिमेशनचं दिग्दर्शन जॉन रीडकडे, ज्याचं शिक्षण डिस्नेकडे झालं होतं. कामाचा एक भाग लंडनपासून लांब, ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडला झाला. टायमिंगवाला व्हिटेकर तिथे होता. आणि सगळ्या प्राण्यांचे आवाज, डुकरापासून गाढवापर्यंत, एकट्या मॉरिस डेनमचे.

मुलांना आकड्यांत गोडी असते म्हणून फळ्यावर हिशोब मांडला. ७२ मिनिटांचे ४,३२० सेकंद. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे १,०३,६८० चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी ५१,८४०. आमच्या स्टुडिओत चांगला हात दिवसाला पंचवीस सेल, म्हणजे चित्रांचे पारदर्शक पत्रे, ट्रेस करायचा. एकट्या बाईला एकही सुटी न घेता साडेपाच वर्षांच्या वर लागतील. आणि हे एका थराचं. घोडा एका सेलवर, गाडी दुसऱ्यावर, डुक्कर तिसऱ्यावर, असे थर चढले की हिशोब दुप्पट-तिप्पट होतो.

एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, डोळ्यांना त्रास नाही झाला?" झाला की. चष्मा उगाच आहे का.

२६ एप्रिल

आज खरं काम सापडलं.

ॲनिमल फार्मसाठी स्टुडिओने ताणाचा आलेख तयार केला होता. चित्रपटाची लांबी आडव्या रेषेवर, आणि कथेतला ताण कुठे चढतो, कुठे उतरतो हे वर-खाली जाणाऱ्या रेषेने दाखवलेलं. चित्रं काढायच्या आधी पूर्ण चित्रपट एका दृष्टिक्षेपात डोळ्यांखालून घालायची ही युक्ती. संगीतकारालाही त्याचा उपयोग.

मी आतापर्यंत जॉयची रेषा शोधत होते. कुठलं डुक्कर तिने काढलं, कुठल्या घोड्याची मान तिची, अशा नजरेने चौकटी थांबवून बघत होते. ही ट्रेस-पेंटवालीची खोड. आयुष्यभर दुसऱ्याच्या रेषेवरून ब्रश फिरवला की माणूस म्हणजे त्याची रेषा असंच वाटायला लागतं. पण लेखिका-दिग्दर्शिकेचं काम रेषेत दिसत नाही. या चित्रपटात प्राणी फार बोलतही नाहीत. निवेदन आहे, आवाज आहेत, बाकी सगळं दिसण्यावर. इथे पटकथा म्हणजे संवादांची वही नव्हे. किती सेकंद काय दिसेल आणि त्यानंतर काय दिसणार नाही, ही तिथली पटकथा.

तेव्हा आपण आपला आलेख काढायचा. आलेखकागद, एका मिनिटाला एक सेंटीमीटर, म्हणजे बहात्तर सेंटीमीटर लांब. चौघांनी वेगवेगळं बसून चित्रपट बघायचा, दर अर्ध्या मिनिटाला शून्य ते दहापैकी ताणाचा आकडा लिहायचा. माणशी १४४ आकडे. आपसांत बोलायचं नाही.

३ मे

चौघांचे आकडे आले. मी पाचवी बसले. सरासरी काढून पेन्सिलने रेषा ओढली.

सुरुवातीला म्हाताऱ्या मेजर डुकराच्या गाण्याला रेषा चढते, बंडाला आणखी, मग माणसं हाकलून लावल्यावर सैल होते. बदकाचं पिल्लू लुटुलुटु चालतं तिथे पाचही जणांनी आकडा एकदम खाली टाकलाय. ते पिल्लू प्रेक्षकाला श्वास घ्यायला ठेवलंय हे आकड्यांत उघडं पडलं. नंतर नेपोलियन डुकराचे कुत्रे सुटतात, त्याचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल पळतो, आणि रेषा पुन्हा फार खाली येतच नाही. सर्वात उंच टोक बॉक्सरचं. राबराब राबून कोसळलेल्या घोड्याला गाडीत घालून नेतात आणि बेंजामिन गाढव मागे धावतं, तिथे दोघांनी दहापैकी अकरा दिलेत. नियमबाह्य आहे, पण खोडवेना.

गोंधळ शेवटाकडे. शेवटच्या तीन मिनिटांत आमचे पाच आकडे पाच दिशांना. एकाचे नऊ, एकीचे तीन.

५ मे

या गोंधळाला कारण आहे, आणि ते फलकावर यायलाच हवं.

कादंबरीत प्राणी खिडकीतून आत बघतात आणि डुक्कर कोण, माणूस कोण हे त्यांना ओळखू येईनासं होतं. तिथे पुस्तक थांबतं. चित्रपटात बेंजामिनला डुकरांच्या तोंडात जुन्या मालकाचं तोंड दिसतं, आणि मग प्राणी घरावर चाल करून जातात. दुसरं बंड. हॅलासचं म्हणणं पुढेही असंच राहिलं की प्रेक्षकाला काहीतरी आशा द्यायला हवी होती.

पण प्रश्न आशेपुरता नव्हता. रोशमाँमार्फत आलेल्या पैशामागे अमेरिकेची गुप्तहेर संघटना सीआयए होती. शीतयुद्धात रशियाविरुद्ध हे पुस्तक वापरायचं म्हणून. ई. हॉवर्ड हंट या माजी हेराने १९७४च्या आठवणींत ही गोष्ट लिहिली, म्हणजे चित्रपट लागून वीस वर्षांनी.

मुलांमध्ये यावर जुंपली. एक म्हणाला, मग तो प्रचारपटच झाला, आपण का मिरवायचा? दुसरी म्हणाली, भंगाराचा प्रचार केला तेव्हा तुला चालला. मी मध्ये पडले नाही. पण मनात आलं की आमचे आकडे जिथे विस्कटले तीच जागा बाहेरून बदललेली निघावी, याचा अर्थ आलेख खोटं बोलत नाही. अगदी पक्का पुरावा म्हणणार नाही मी याला, पाच माणसं म्हणजे काय. तरी.

१८ मे

सुट्टीत एकटीच बसून ॲनिमल फार्मनंतरचे फलक लिहिले. यातला काही भाग मलाच कंटाळवाणा वाटतो, तो छोटा केला: टीव्हीसाठी केलेल्या मालिका, जाहिराती, शैक्षणिक पट्ट्या. एकूण दोन हजारांवर चित्रपट या स्टुडिओतून निघाले, सगळ्यांना नमस्कार करत बसलो तर पावसाळा संपेल.

'ऑटोमेनिया २०००' मात्र मोठा ठेवला. १९६३. पटकथा दोघांची, दिग्दर्शन हॅलासचं. मोटारी इतक्या वाढतात की रस्ते संपतात, माणसं गाडीतच राहायला लागतात, आणि तेवढ्यात एक शास्त्रज्ञ स्वतःची पिल्लं घालणारी मोटार शोधून काढतो. ऑस्करचं नामांकन मिळालेला पहिला ब्रिटिश ॲनिमेशनपट, बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला. हा खेळात दाखवायचा. नवले पुलावरच्या कोंडीतून रोज येणारे शिक्षक पहिल्या रांगेत बसवायचे.

'रडिगोर' १९६७. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची १८८७ची संगीतिका, तिचं रूपांतर आणि दिग्दर्शन एकट्या जॉयचं. या संगीतिका करणाऱ्या डॉयली कार्ट नाटकमंडळीचे गायक. तासाभराच्या आत बसवलेली. भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरी जिवंत होऊन खाली उतरतात असा प्रसंग मूळ नाटकातच आहे. रंगमंचावर त्याला केवढा खटाटोप करावा लागतो, ॲनिमेशनला तो हातचा मळ. आपल्याकडे कुणी एखादं संगीत नाटक असं का केलं नाही, हा विचार रात्री बराच वेळ डोक्यात राहिला. नाट्यपदाची एक तान चालू असताना पात्राने काय करायचं, हा प्रश्न आमच्या नटांनाही कधी सुटला नाही. ॲनिमेशनमध्ये पात्राच्या मिशाच तानेबरोबर वाढवता येतील.

२० जून

कॉलेज उघडलं. श्रेयाचा फलक आज पूर्ण झाला.

तीन रकाने केलेत. पहिल्यात जॉयचं एकटीचं काम. दुसऱ्यात दोघांच्या नावावरचं. तिसऱ्यात एकट्या जॉनचं. पहिला रकाना सर्वात छोटा, दुसरा फलकाबाहेर चाललाय. मुलांना वाटलं होतं यातून तिच्यावर अन्याय झाला असं काहीतरी ठसठशीत निघेल. मला तसं लिहायचं नाही. दुसरा रकाना म्हणजेच तिची कारकीर्द आहे. कथा फोडणं, स्टोरीबोर्ड, गिऱ्हाइकाच्या रुक्ष कागदातून माणूस उभा करणं, यातलं पुष्कळ तिने केलं, आणि जगासमोर बोलायला, परिषदांना जायला, पुस्तकं लिहायला जॉन. टायमिंगच्या पुस्तकामुळे अकरा हात वर झाले ते याचमुळे. छापील पुस्तक कपाटात राहतं, पटकथा चित्रपटात विरघळून जाते.

तिसऱ्या रकान्याच्या वर 'पती जॉन हॅलास' असं लिहावं अशी एकीची सूचना. मंजूर.

आणखी एक ओळ तळाला: ॲलिसन डी व्हीअर या स्टुडिओत १९५०च्या दशकात पार्श्वचित्रं रंगवायची. पुढे तिने स्वतःचे 'कॅफे बार' आणि 'द ब्लॅक डॉग' केले. तिच्यावर वेगळं प्रदर्शन व्हायला हवं. ते मी नाही करणार, आधीच सांगून ठेवते.

२ जुलै

छपाईवाल्याकडून फलक आले. अकरा उत्तम. बाराव्यात आलेख. बहात्तर सेंटीमीटरचा कागद फलकात मावत नाही म्हणून त्यांच्या पोराने आडवा दाबून चाळीस सेंटीमीटरचा केला, उंची तेवढीच ठेवली. झालं. सगळ्या टेकड्यांचे सुळके झाले. बदकाच्या पिल्लापाशीसुद्धा कडेलोट. फोन केला तर म्हणाले, "ताई, डिझाइन भारी दिसतंय की, कशाला बदलता?"

पुन्हा छापायला पैसे नाहीत. शेवटी फलक रद्द. मूळ आलेखकागदच, पेन्सिलच्या रेषेसकट, भिंतीवर लावणार. आणि त्याच्याखाली तेवढ्याच लांबीचा कोरा कागद, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. ज्याला वाटेल त्याने आपली रेषा काढावी.

११ जुलै

उद्घाटन असं काही केलं नाही. चारला दारं उघडली, साडेपाचला खेळ. प्रोजेक्टरने नेहमीप्रमाणे पाच मिनिटं खाल्ली.

चार्लीच्या 'अहो'ला हशा मिळाला. ऑटोमेनियाला तर टाळ्या, आणि मागून कुणीतरी "चांदणी चौक!" असं ओरडलं. रडिगोरचा तुकडा फिका गेला, इंग्रजी गाणं कळेना. त्याला उपशीर्षकं द्यायला हवी होती, वेळ पुरला नाही.

ग्रंथपाल बाई शेवटपर्यंत थांबल्या. चरित्राच्या फलकापाशी त्यांनी विचारलं, "पुढे काय झालं हिचं?" सांगितलं की १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टुडिओच्या कामातून बाजूला झाली, लंडनच्या फिल्म स्कूलमध्ये शिकवायची, १४ मे १९९१ला गेली. मुलगी व्हिव्हियन हिने आईवडिलांचं काम जपलं, चित्रपट आणि चित्रं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात गेली. हे सगळं फलकावर होतं, पण बाईंनी चष्मा आणला नव्हता.

१९ जुलै

प्रदर्शन उतरवलं. फलक गुंडाळून प्रमुखांच्या कपाटामागे.

कोऱ्या कागदावर चौतीस रेषा निघाल्या. काही चुकार: एकाने हृदय काढलंय, एकाने ईसीजी. बाकीच्या घरी आणून टेबलावर पसरल्या. चित्रपट न बघता नुसत्या वरच्या रेषेची नक्कल केलेल्या ओळखू येतात, त्या फार सुबक आहेत. बघून काढलेल्या एकवीस. बॉक्सरपाशी एकवीसही वर. शेवटी अकरा चढतात, सात पडतात. उरलेल्या तिघांनी रेषा शेवटच्या तीन मिनिटांआधीच सोडून दिली आहे, कागद कोरा.

त्या तिघांपैकी एक आमची डोळ्यांचं विचारणारी. तिला विचारलं तर म्हणाली, "तिथे माझं ठरेना मॅडम, म्हणून पेन्सिल ठेवली."

कागद गुंडाळून नळीत घातला. नळीवर नाव लिहिताना चंद्र द्यायला विसरले, तो वरून दिला.